नोंदीची तारीख

गौरी-गणपतीच्या आधी स्वयंपाकघरातल्या फळ्यांवरचे कागद बदलायचे, हे आमच्या घरातलं ठरलेलं काम. त्यासाठी आई जुनी कालनिर्णय जपून ठेवते. पान मोठं असतं, डब्यांची अर्धी फळी एका पानात भागते. या वर्षी मी माळ्यावरून गुंडाळी उतरवली, सुतळी सोडली आणि हाताला आलेलं पहिलं पान फाडणार, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून बाबा आले. एरवी दोनदा हाक मारल्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही, पण कागदाची सळसळ कशी कोण जाणे कानावर गेली. "ते वर्ष राहू दे. दुसरं घे," म्हणाले, आणि मी ते बाजूला ठेवेपर्यंत दाराशी उभे राहिले.

ते वर्ष २०२० होतं.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी ते उघडलं. जानेवारी-फेब्रुवारीची पानं आईच्या अक्षरात: दूध १, दूध १॥, गॅस लावला, बाई आली नाही. ९ मार्चच्या चौकोनात पहिल्यांदा बाबांची पेन्सिल दिसते. डाव्या कोपऱ्यात बारीक '२'. पुण्यातले कोरोनाचे पहिले दोन रुग्ण. त्यानंतर रोज एक आकडा. २५ मार्चला, पाडव्याच्या चौकोनातही आहे. गुढीच्या चित्राला न लागेल असा, कडेला. मे महिन्याच्या पानावर एका चौकोनात दोन-दोन आकडे येतात, वर 'पु.' आणि खाली 'मुं.'. आणि १९ मेला, मंगळवारच्या चौकोनात, खालच्या आकड्यावर निळ्या शाईची एक आडवी रेघ आहे. रेघेच्या वर त्याहून एकाने मोठा आकडा. शेजारी बाबांची आखूड सही.

ती सही मनातून जाईना. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर त्यांनी नोंदवह्या लिहिल्या, आणि नोंदवहीचा एक नियम लहानपणी माझ्याही शाळेच्या वहीला त्यांनी लावला होता. खाडाखोड करायची नाही, खोडरबर लावायचं नाही, आकड्यावर आकडा गिरवायचा नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, अशी की खालचा आकडा वाचता यावा. वर बरोबर आकडा, बाजूला सही. सही म्हणजे ही दुरुस्ती मी केली, विचारायचं असेल तर मला विचारा. पण कालनिर्णयावरच्या आकड्याला सही कशाला? विचारणार कोण होतं?

त्या वर्षी संध्याकाळी घराघरात एकच प्रश्न असायचा. "आज किती?" कशाचे किती, हे कुणी बोलत नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून मान वर करून विचारायच्या, दूधवाला पिशवी दारावर अडकवून लांब उभा राहून विचारायचा, बहीण बेंगळुरूहून फोनवर 'जेवलीस का'च्या आधी विचारायची. सकाळी आठच्या हिशेबाने देशाचा आकडा यायचा, संध्याकाळी उशिरा राज्याचा, त्यानंतर महापालिकेचा. मग क्षेत्रीय कार्यालयांची यादी फिरायची. भवानी पेठ किती, कसबा-विश्रामबाग किती, आपलं धनकवडी-सहकारनगर किती. यादीत आपला भाग खाली असला की हायसं वाटायचं, आणि ते हायसं वाटणं भवानी पेठेतल्या कुणाच्या तरी जिवावरचं आहे हे लगेच कळायचं. गल्ल्यांच्या तोंडाशी पत्रे ठोकलेले, त्या पत्र्यांआड माझ्या वर्गातली तीन मुलं राहायची. तरीही दुसऱ्या दिवशी मी यादी खालूनच वाचायला घ्यायचे.

यादीने पोट भरायचं नाही. मग आलेख. मी शाळेत गणित शिकवते. आलेखाचा कागद हा मुलांच्या कंटाळ्याचा विषय, हे वीस वर्षं पाहत आले होते. त्या एका वर्षात मात्र ज्यांनी दहावीनंतर पट्टीला हात लावला नव्हता, ते 'कर्व्ह सपाट होतोय का' यावर तावातावाने बोलत होते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा तो काळा नकाशा आणि त्यावरची लाल वर्तुळं जानेवारीतच आली होती, आम्हाला मार्चमध्ये सापडली. वर्तुळं एवढी फुगत गेली की युरोप खाली दिसेनासा झाला. वर्ल्डोमीटर या साइटवर नवे रुग्ण पिवळ्या पट्ट्यात आणि नवे मृत्यू लाल पट्ट्यात. तिथला दिवस ग्रीनिच वेळेने संपायचा, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. त्या वर्षी झोप अशी नव्हतीच. पहाटे जाग आली की मी फोन हातात घ्यायचे, आणि साडेपाच वाजता ते सगळे पिवळे-लाल रकाने कोरे व्हायचे. दोन मिनिटं जगात कुणीच आजारी नसायचं. मग एखाद्या देशाचा आकडा उगवायचा.

पण खरा जीव जडला तो कोविड१९इंडियावर. देशभरातल्या स्वयंसेवकांनी चालवलेली साइट. त्यात विद्यार्थी होते, नोकऱ्या करणारे होते. प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. कुणाचं पत्रक पीडीएफ, कुणाच्या तक्त्याचा नुसता फोटो, कुणाचं ट्वीट. ही मंडळी ते उघडून आकडे हाताने भरायची, जुळवायची, आणि आपल्याला दिसायचे चार स्वच्छ रंग. बाधित लाल, उपचाराखालचे निळे, बरे झालेले हिरवे आणि गेलेले राखाडी. त्या राखाडी रंगाबद्दल मी खूप विचार केला आहे. काळा का नाही निवडला? काळ्याकडे रोज पाहवलं नसतं, हे निवडणाऱ्याला कळलं असावं. कुठल्या तरी खोलीत बसलेल्या, मला कधीच न भेटलेल्या माणसाने माझ्या डोळ्यांची घेतलेली ती काळजी होती, असं मी आजही मानते.

नववीचा ऑनलाइन तास होता. मी स्क्रीनवर फायनान्शियल टाइम्सचा तेव्हा सगळीकडे फिरणारा आलेख दाखवला. सगळे देश शंभराव्या रुग्णापासून सुरू होतात, आणि उभ्या अक्षावर शंभर, हजार, दहा हजार सारख्याच अंतरावर. मुलांना सांगितलं, इथे सरळ रेघ दिसली तर फसू नका. सरळ रेघ म्हणजे ठरावीक दिवसांनी दुप्पट. एका मुलाने माइक सुरू केला. मागे कुकरची शिट्टी, लहान भावंडाचं रडणं. "बाई, रेघ खाली आली की शाळा उघडणार ना?" मी हो म्हणाले. त्या दिवशी मला दुसरं उत्तर सुचलं नाही, आणि ज्या खात्रीने मी ते बोलले तेवढी खात्री माझ्याजवळ नव्हती.

बाबांना स्क्रीनवरच्या रेघा फारशा रुचायच्या नाहीत. त्यांना आकडा हवा असायचा. त्यांच्या हाताला ती सवय पानशेतच्या वसाहतीत लागली. मी सहा-सात वर्षांची असताना पावसाळ्यात त्यांच्याबरोबर पर्जन्यमापकापर्यंत जायची. कुंपणातला तो गोल डबा, वर नरसाळं, आत बाटली. बाबा छत्री मानेत धरून बाटलीतलं पाणी खुणांच्या काचेच्या नळीत ओतायचे, नळी सपाट जागी ठेवायचे आणि गुडघे वाकवून डोळे पाण्याच्या रेषेत आणायचे. मलाही वाकायला लावायचे. पाणी काचेला चिकटून कडेला थोडं वर चढतं. ती चढलेली कड वाचायची नाही, मधला खोलगट तळ वाचायचा. कड वाचली तर पाऊस जास्त लागतो. "आपल्याला हवा तेवढा पाऊस लिहायचा नसतो, पडला तेवढा लिहायचा," एवढं म्हणून ते खिशातून पेन्सिल काढायचे. ओल्या रेक्झिनचा वास, बुटांखालचा चिखल आणि वहीवर पडू नये म्हणून आकड्यावर धरलेला त्यांचा पंजा, हे सगळं मला अजून दिसतं.

तिथलीच आणखी एक गोष्ट. पाऊस सकाळी मोजायचा, आणि मागच्या चोवीस तासांत पडलेला तो सगळा त्या सकाळच्या तारखेला लिहायचा. म्हणजे काल दुपारी मी भिजले तो पाऊस वहीत आजच्या तारखेचा. मला हे अजिबात पटायचं नाही. काल माझ्या वाढदिवसाला पाऊस पडला होता, तो आजचा कसा? बाबा समजवायचे, "ही पडल्याची तारीख नाही गं, नोंदीची तारीख आहे."

पुण्यातल्या माणसाला तसंही आलेखाचं व्यसन जुनं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून किती टीएमसी, म्हणजे किती अब्ज घनफूट पाणी झालं, हे आम्ही एकमेकांना खुशालीसारखं विचारतो. चारही भरली की २९.१५. वर जाणाऱ्या रेघेकडे आनंदाने पाहायची आम्हाला सवय. २०२० ने तीच सवय उलटी केली. त्या पावसाळ्यात एकाच मेसेजमध्ये वर धरणसाठा आणि खाली रुग्णसंख्या असायची. एक रेघ वर जावी म्हणून आणि दुसरी खाली यावी म्हणून, एकाच श्वासात, लोक हात जोडत होते.

माईआत्या बाबांची थोरली बहीण. कुर्ल्याला नेहरूनगरमध्ये पन्नास वर्षं राहिली. दर भाऊबीजेला सकाळच्या गाडीने पुण्याला यायची, पिशवीत घट्ट झाकणाचा डबा, त्यात ओल्या नारळाच्या करंज्या. बाबांना पाटावर बसवायची आणि सत्तरी ओलांडलेल्या भावाच्या कपाळावरचे केस हाताने मागे सारून मग कुंकू लावायची. मे महिन्यात तिला ताप आला. बेड मिळायला दोन दिवस गेले. दाखल केल्यावर स्वॅब घेतला, ऑक्सिजन लावला, आणि १९ तारखेला पहाटे दादाचा फोन आला. दादा म्हणजे तिचा मुलगा. तो फोनवर रडत नव्हता. त्याला काय काय करायचंय हे एकापाठोपाठ एक सांगत होता, जणू यादी संपेपर्यंत त्याला थांबायची परवानगी नव्हती. जायला आमच्याकडे पास नव्हता. पास मिळाला असता तरी बाबांचं वय आणि मधुमेह. दीडशे किलोमीटर. बाबा आंघोळ करून आले आणि दिवसभर गॅलरीत बसून राहिले.

संध्याकाळी त्यांनी टीव्हीवरचा आकडा ऐकला, उठले, आणि रोजच्यासारखा भिंतीवरच्या चौकोनात लिहिला.

मला तो राग आवरला नाही. "आज तरी नका लिहू बाबा. आकड्यांशिवाय काही अडतं का तुमचं?" असं मी म्हणाले. आईने माझ्याकडे पाहिलं. बाबांनी पेन्सिल कालनिर्णयाच्या खिळ्यावर अडकवली आणि म्हणाले, "या आकड्यात ती नाही." मला वाटलं, शोकात माणूस काहीतरी बोलतो. पण ते अगदी सरळ अर्थाने बोलत होते. स्वॅबचा रिपोर्ट आलेलाच नव्हता. तो अंत्यसंस्कारानंतर दुसऱ्या दिवशी आला, पॉझिटिव्ह. तोवर कागदावर न्यूमोनिया लिहून झालं होतं. माझी बाजू सांगायची तर, त्याच रात्री मी फोनवर पुण्याचा आलेख पाहिला होता. डबलिंग रेट, म्हणजे रुग्ण दुप्पट व्हायचा वेग, सुधारल्याचा कुणीतरी मेसेज टाकला होता, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं होतं. घरात सुतक आणि हातात खाली वळणारी रेघ. ते बरं वाटणं मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

पुढे चार आठवडे बाबा रोज मुंबईचा मृत्यूंचा आकडा लिहीत राहिले. ती कुठल्या दिवशी येईल याची ते वाट पाहत होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

१६ जूनलाही मंगळवारच होता. त्या दिवशी राज्याने आधीच्या, नोंदवायच्या राहून गेलेल्या मृत्यूंची भर घातली. एकदम १,३२८. त्यातले ८६२ एकट्या मुंबईचे. रात्री साइट उघडली तर राखाडी खांबांच्या बुटक्या रांगेत मध्येच एक खांब ताडासारखा उभा. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा यावा असा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कल्लोळ झाला, एका दिवसात एवढे कसे गेले, आता काय होणार. मी बाबांना फोन दाखवला. त्यांनी चष्मा वर करून, फोन डोळ्यांजवळ नेऊन त्या खांबाकडे बराच वेळ पाहिलं. एखाद्या ग्रुप फोटोत ओळखीचा चेहरा शोधावा तसं. मग म्हणाले, "आजचे नाहीत ते. नोंदीची तारीख आहे ही."

त्यानंतर आम्ही आलेखाबद्दल घरात फारसं बोललो नाही. बाहेर मात्र ते वेड वाढत गेलं आणि मग एकाएकी ओसरलं. सप्टेंबरमध्ये उपचाराखालच्या रुग्णांत पुणे जिल्हा देशात सगळ्यात वर गेला. १७ तारखेच्या सकाळी देशाचा एका दिवसाचा आकडा ९७,८९४ होता, त्या लाटेचा तो माथा. दोनच दिवसांनी अबूधाबीत आयपीएल सुरू झाली. संध्याकाळी साडेसातला टॉस झालेला असायचा आणि लोक 'आज किती' हे धावांबद्दल विचारू लागले. वर्षाअखेर गुगलने भारतीयांच्या शोधात त्या वर्षी कशाने सगळ्यात मोठी उसळी घेतली त्याची यादी काढली, तर पहिलं नाव आयपीएलचं आणि दुसरं कोरोनाचं. जगाच्या यादीत कोरोना पहिला होता. तेव्हा कुणी कुणी आपल्या लोकांना नावं ठेवली. मला ती यादी वाचून गलबलून आलं होतं. सहा महिने ज्या रेघेवर डोळे लावून बसलो, तिच्यावरून नजर काढायला कुणीतरी कारण दिलं आणि आपण ते दोन्ही हातांनी घेतलं.

नजर काढल्याची किंमतही पडली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळची रेघ उचलायला लागली होती. साइटवर ती स्पष्ट दिसत होती, ते स्वयंसेवक रोजच्यासारखे आकडे भरत होते. पाहणारे मात्र पांगले होते. मीही. आमची शाळा उघडायच्या गडबडीत मी महिनाभर त्या पानावर गेलेच नव्हते. एप्रिलमध्ये एका दिवसात राज्यात ६८,६३१ रुग्ण निघाले तेव्हा आलेख पाहायची गरजच राहिली नाही. फोनच्या संपर्क यादीतली नावं वरून खाली वाचली तरी पुरे होतं. आणि त्या लाटेत कितीजण कुठल्याच रकान्यात आले नाहीत! पुढे मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख मृत्यू जास्त झाले असा अंदाज मांडला. सरकारी नोंदीच्या तो जवळपास दहापट. सरकारला ती पद्धत मान्य नव्हती, वाद झाले. मी ती बातमी वाचून बाबांना सांगितली. ते नुसते म्हणाले, "रजिस्टर कोरं राहिलं म्हणून पाऊस पडला नाही असं होत नाही."

३१ ऑक्टोबर २०२१ ला कोविड१९इंडियाच्या मंडळींनी काम थांबवलं. दोन महिने आधी तसं कळवलंही होतं. दिवाळी तोंडावर होती, घरात चकलीची भाजणी आणून ठेवलेली. मला हे कितीतरी दिवसांनी समजलं. दीड वर्ष ज्यांच्या चार रंगांवर माझा दिवस उगवला आणि मावळला, त्यांचा निरोप घ्यायला मी हजर नव्हते. जॉन्स हॉपकिन्सचा नकाशा १० मार्च २०२३ ला थांबला, तेव्हाही नाही. आजारी माणूस घरी परतल्यावर इस्पितळाकडे वळून बघत नाही, तसं झालं असेल. तरी कुणीतरी रात्री जागून ते आकडे भरले होते, आणि त्यांना एक साधं 'पोचलं' एवढंही मी कळवलं नाही, हे खुपतं.

बाबांची पेन्सिल कालनिर्णयावर लक्ष्मीपूजनापर्यंत दिसते. १४ नोव्हेंबर. त्यापुढे परत आईचंच अक्षर: दूध १, दूध १, गॅस लावला. त्या वर्षी भाऊबीजेचा चौकोन कोरा आहे.

हे सगळं त्या दुपारी मनात आलं ते १९ मेच्या त्या निळ्या सहीमुळे. बाबांना विचारावं असं वाटत होतं, पण ते झोपले होते, आणि उठल्यावर विचारायचा धीर झाला असता की नाही, सांगता येत नाही. संध्याकाळी दिवे लागले, आईने कणीक मळायला घेतली. ती म्हणाली, अगं गुंडाळून ठेव ते, तेलाचा हात लागेल. मी गुंडाळायला घेतलं आणि मेचं पान उलटून जूनचं वर आलं.

१६ जूनच्या चौकोनात खाली 'मुं. ८६२'. त्यावर निळ्या शाईची एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. वर लिहिलं आहे, ८६१. बाजूला सही.

मी सुतळी बांधली, ते वर्ष बाबांच्या कपाटात त्यांच्या जुन्या वह्यांशेजारी उभं ठेवलं, आणि फळ्यांवर २०१८चे कागद घातले.